आप्पांनी मोजलेले बारा सेकंद

“बारा सेकंद,” आप्पा म्हणाले.

“कसले बारा सेकंद?”

“तू थांबली होतीस ते.”

मी खाली बघितलं. आप्पांचा कप भरून बशी भरली होती, बशी भरून चहा टेबलावरच्या पेपरवर पसरला होता आणि तिथून थेंब थेंब फरशीवर गळत होता. पातेलं माझ्याच हातात होतं.

“तुम्ही कप सरकवलात,” मी म्हणाले.

“मी कपाला हात लावलेला नाही. तू बोलत होतीस, बोलता बोलता गप्प झालीस. डोळे उघडे. ओठ नुसते हलत होते, काहीतरी चघळल्यासारखे. मी दोनदा ‘उजू, उजू’ म्हणालो. मग होतीस तिथूनच परत बोलायला लागलीस.” त्यांनी माझ्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. “बारा सेकंद. मोजलेत मी.”

एसटीत एकोणीस वर्षं ड्रायव्हरकी केलेला माणूस. घड्याळ बघितल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसे.

मी उज्ज्वला बोरसे. तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि एका विमान कंपनीत सहवैमानिक होते. चाळीसगावच्या एसटी ड्रायव्हरची मुलगी शिष्यवृत्तीवर शिकून विमान उडवते, म्हणून पेपरात माझा फोटो येऊन गेला होता. माझ्या खांद्यावर तीन पट्ट्या होत्या. चौथी पट्टी म्हणजे कॅप्टन, आणि त्या प्रशिक्षणाचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. त्यासाठी फक्त दर वर्षीची वैद्यकीय तपासणी पार पडायची होती. ती परवा, नाशिकला. आणि नेमकं त्याच पत्राचं कौतुक सांगता सांगता मी म्हणे थांबले होते.

“दमलेय मी. चार दिवस ओळीनं पहाटेची ड्यूटी होती,” मी म्हणाले.

“दमलेला माणूस पेंगतो. तू पेंगत नव्हतीस.”

“मग काय करत होते?”

“ते डॉक्टर सांगेल. त्याला सांग.”

त्याला सांग! जसं काही सर्दी झालीय. पायलटच्या बाबतीत भान हरपणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. रक्तदाब वाढला तर गोळी मिळते, नंबर लागला तर चष्मा मिळतो, हाड मोडलं तर ते जुळेपर्यंत सुट्टी मिळते. भान गेलं, की बहुतेक वेळा लायसन्स जातं आणि परत येत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं तोंड मुळातच फाटकं, त्या दिवशी ते पारच सुटलं.

“काचबिंदू झालेला माणूस मला सांगतोय, काय दिसलं ते! डोळ्यांपायी तुम्हाला गाडीवरून उतरवलं ना, आप्पा? मग आता मलाही उतरवायचंय का?”

 आप्पांनी भिजलेला पेपर उचलला, घडी करून मोरीत ठेवला आणि फरशी पुसायला फडकं आणलं.

तेवढ्यात आई गच्चीवरून खाली आली. एप्रिल होता, तिच्या ज्वारीच्या बिबड्या वाळत होत्या आणि हात पिठानं भरलेले. तिनं आमची तोंडं बघितली आणि सगळं काढून घेतलं. मग ती आप्पांवर घसरली. “जागरणानं होतं असं. माझंही होतं. आणि हे बाहेर कुठं बोलायचं नाही, सांगून ठेवते. तुमची कीर्ती आहेच गावभर, आता पोरीची करू नका.”

तुमची कीर्ती म्हणजे काय, तेही सांगते. मी दहावीत असताना आप्पा डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. डेपोनं त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. फलाट क्रमांक तीनवर धुळे गाडी लागली आहे, फलाट क्रमांक पाचवर मालेगाव गाडी लागली आहे, हे माइकवरून बोलायचं काम. माझ्या वर्गातली पोरं मला ‘फलाट क्रमांक तीन’ म्हणून हाका मारायची. स्टँडवर तो आवाज ऐकू आला, की मी मागच्या दारानं बाहेर पडायचे. मला लाज वाटायची, खोटं कशाला सांगू? माझा बाप नापास झाला, ही गोष्ट मी मनात धरूनच बसले होते. पायलट झाले तीसुद्धा थोडी त्याच ईर्षेनं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तर आप्पा बूट घालून दारात तयार.

“तुम्ही कुठं?”

“नाशिकला.”

“डॉक्टरला सांगायला येताय ना?”

“मी कशाला सांगू? गाडी तुझी, स्टेअरिंग तुझ्या हातात. माझं नाशिकला काम आहे.”

“काय काम?”

“बघू. मोठं गाव आहे, निघेल काहीतरी.”

आम्ही एसटीनं निघालो. ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसायचं, हा त्यांचा नेम. समोर कुणी आडवं आलं, की त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबायचा. गाडीचे कंडक्टर भिकननाना निघाले. हे आप्पांच्या गाडीवर अकरा वर्षं कंडक्टर होते, निवृत्तीला आता दोन महिने राहिलेले. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. “काय पायलटबाई, आमच्या डब्यात कशा काय? तुमचं विमान पंक्चर झालं का?”

गाडीभर लोक हसले, आप्पाही हसले. मी मात्र खिडकीबाहेर बघत बसले. दोन रात्री मी एकच गोष्ट मनात घोळवत होते. ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

आठ दिवसांपूर्वीची गोष्ट. विमानात आम्ही दोघं असतो. एकानं उडवायचं, दुसऱ्यानं रेडिओवर बोलायचं. टॉवर जे सांगेल ते रेडिओवाल्यानं शब्दन् शब्द उलट म्हणून दाखवायचं, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. त्या दिवशी कॅप्टन उडवत होते आणि रेडिओ माझ्याकडे होता. उतरायला चार-पाच मिनिटं असताना कॅप्टननी स्वतःच टॉवरला उत्तर दिलं आणि माझ्याकडे बघून हसले. “बोरसे, कुठं हरवलीस? त्यांनी दोनदा पुकारलं. लग्नबिग्न ठरलं की काय?” मी म्हणाले, “सर, मला काही ऐकूच आलं नाही. रेडिओत खरखर असेल.” त्यांनी मान डोलावली, आम्ही उतरलो आणि विषय संपला. मी तो संपवला होता. आता तो परत माझ्या शेजारी येऊन बसला होता.

मालेगावला गाडी दहा मिनिटं थांबली. आप्पा खाली उतरले. भिकननाना माझ्या शेजारच्या सीटवर टेकले, टोपी काढून घाम पुसायला लागले.

“कसली तपासणी गं पोरी? डोळ्यांची?”

“सगळीच. डोळे, कान, हृदय, सगळं.”

“तुला काय भीती? बापासारखी हिंमतवाली आहेस तू.”

माझं डोकं आधीच तापलेलं. “बापासारखी होऊन चालायचं नाही, नाना. बाप नापास झाला होता.”

नानांनी टोपी खाली ठेवली. “कोण नापास झालं?”

“आप्पा. काचबिंदूत.”

“अगं ए, तुला कुणी सांगितलं हे?”

“आप्पांनीच. घरात सगळ्यांना.”

 नानांनी खिडकीतून आप्पा कुठं आहेत ते बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. “हात् तिच्या! म्हणजे या माणसानं घरातसुद्धा सांगितलं नाही. ऐक. यादव बोरसे त्या वर्षी पास झाला होता. तक्ता खालच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचला, डॉक्टर म्हणाले उत्तम. मी बाहेर बाकावर होतो, दार उघडं होतं. हा उठला, दारापर्यंत आला आणि परत फिरला. म्हणाला, ‘साहेब, तक्ता समोर असतो, माणसं बाजूनं येतात. मला सायकलवाले अचानक दिसायला लागलेत. आधी यायचे, आता एकदम उगवतात.’ मग डॉक्टरांनी दुसऱ्या मशीनवर बसवलं. दोन्ही बाजूंची नजर गेलेली. समोरची एकदम चोख, बाजूला अंधार.”

“पण मग घरी खोटं का सांगितलं?”

“तुझी आई काय कमी आहे? स्वतःहून उतरला म्हटल्यावर जन्मभर ऐकवलं असतं तिनं.” नाना हसले, पण डोळे पुसत हसले. “परत येताना मी त्याला विचारलं, एक अपघात नाही, वर्षाला शाबासकी, कशाला सांगितलंस रे भो? तर म्हणे, ‘नाना, तू डबल बेल देतोस तेव्हा मागं पन्नास माणसं निश्चिंत बसलेली असतात. ती माझ्या डोळ्यांवर बसलेली असतात.’ माझ्या अंगावर काटा आला बघ. आत्ताही आला.”

 सोळा वर्षं मी त्या माणसाला नापास म्हणत होते. परवा तर तोंडावर म्हणाले होते.

आप्पा दोन भेळेचे पुडे घेऊन चढले. “मिरची कमी सांगितलीय,” असं म्हणत एक माझ्या हातात दिला. नाना उठून दाराशी गेले, दोन घंटा वाजल्या, गाडी निघाली.

“आप्पा,” मालेगाव मागं पडल्यावर मी म्हणाले, “साठच्या वेगात बारा सेकंद म्हणजे किती?”

“दोनशे मीटर,” ते लगेच म्हणाले. म्हणजे हा हिशेब त्यांचा झालेला होता. “तुझं विमान किती जातं?”

“उतरताना? पाऊण किलोमीटरच्या वर.”

“हं,” आप्पा म्हणाले आणि भेळ खायला लागले.

डॉक्टर आठल्ये हवाई दलातून निवृत्त झालेले होते. पाच वर्षं तेच माझी तपासणी करत होते. माणूस कडक, पण माझ्यावर जीव होता. त्यांच्यापुढे जाण्याआधी फॉर्म भरायचा असतो. त्यात प्रश्नांची लांबलचक रांग असते. कधी फिट आली का, चक्कर आली का, भान हरपलं का, छातीत दुखलं का, आणि प्रत्येकापुढे ‘हो’ आणि ‘नाही’चे चौकोन. आम्हा पायलटांत याची एक रीत होती. ‘नाही’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढायची. मला ती उडायला शिकत असतानाच एका सीनियरनं शिकवली होती. “पेन उचलायचं नाही. पेन उचललं की डोकं चालतं, आणि डोकं चाललं की लायसन्स जातं.” सगळे हसले होते, मीही हसले होते. पुढे मीही ती दोघातिघांना शिकवली.

त्या दिवशी आप्पांना बाहेर बाकावर बसवून मी फॉर्म घेतला आणि काय सांगू, हातानं आपोआप रेघ ओढली. सरळ, सुंदर. भेळेचा पुडा खाताना, बस स्टँडपासून चालताना मी मनाशी सगळं ठरवलं होतं, आणि हातानं मला विचारलंसुद्धा नाही. तो फॉर्म आत गेला.

डोळे उत्तम. कान उत्तम. हृदयाचा आलेख उत्तम. आठल्येंनी चष्मा कपाळावर चढवला. “बोरसे, ठणठणीत आहेस. पुढच्या वर्षी चार पट्ट्या लावून ये आणि पेढे आण.” त्यांनी शिक्का शाईला लावला.

मी उठले, थँक यू म्हणाले, दारापर्यंत गेले. दाराच्या काचेतून बाकावर बसलेले आप्पा दिसत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर सरळ समोर. बाजूनं एक बाई गेली, ती त्यांच्या लक्षातही आली नाही.

मी परत फिरले.

“सर, तो फॉर्म परत द्या.”

“का? काय राहिलं?”

“माझी रेघ चुकलीय.”

मी खुर्चीत बसले, भान हरपण्याच्या प्रश्नापुढची रेघ खोडली आणि ‘हो’च्या चौकोनात खूण केली.  मी सांगितलं. चहाचं सांगितलं, रेडिओचं सांगितलं. आठल्येंनी शिक्का खाली ठेवला. त्यांचा चेहरा इतका उतरला की मलाच त्यांची दया आली.

“तुला स्वतःला काय आठवतं?”

“काहीच नाही. मला तर वाटलं होतं, कप सरकवला.”

“मग बघितलं कुणी?”

“बाहेर बसलेत.”

आप्पांना आत बोलावलं. ते हात जोडून उभे राहिले. बसा म्हटल्यावरही बसले नाहीत. वरिष्ठांपुढे उभं राहायची सवय. आठल्येंनी एकेक प्रश्न विचारला आणि आप्पांनी एकेक उत्तर दिलं. मान कुठल्या बाजूला वळली, हात कसा होता, ओठ आधी हलले की डोळे आधी थिजले, शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द कोणता. “‘पत्र’ हा शब्द. ‘कॅप्टनचं पत्र’ म्हणत होती. ‘कॅप्टनचं’ म्हणाली आणि थांबली. बारा सेकंदांनी ‘पत्र’ म्हणाली.” मला हे नवीनच होतं. 

आठल्ये लिहिता लिहिता थांबले. “बोरसेसाहेब, हे फार बारकाईनं सांगताय तुम्ही. आणि यावर हिचं सगळं करिअर अवलंबून आहे. तुमची नजर कशी आहे?”

मी डोळे मिटून घेतले. परवा मी जे ओरडले होते, तेच.

“काचबिंदू आहे, साहेब,” आप्पा म्हणाले. आवाज अगदी स्वच्छ होता. “मला बाजूचं दिसत नाही. पण पोरगी समोर बसली होती.”

आठल्ये उठून टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी आप्पांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. मग माझ्याकडे वळले. “बोरसे, आज मी तात्पुरतं अनफिट लिहितोय. मेंदूच्या तपासण्या होतील. पण तुला खोटी आशा दाखवणार नाही.”

“दाखवू नका, सर.”

त्या तपासण्यांत अपस्मार निघाला. दिवाळीत मला पहिला मोठा झटका आला. घरात, स्वयंपाकघरात, आईच्या मांडीवर. दिवाळीच्या गर्दीतलं भरलेलं विमान माझ्या हातात असतं, तर... जाऊ दे, तो विचार मी अजूनही पुरा करत नाही. गोळ्या रोज घेते, अकरा वर्षांत पुन्हा काही झालं नाही. कंपनीनं मला सोडलं नाही. जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये मी नव्या पायलटांना शिकवते. एकशे चाळीस जणांना शिकवलंय आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकच दटावून सांगते, फॉर्म भरताना दर प्रश्नाला पेन उचलायचं. पण खऱ्या विमानात कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत मी कधीच बसले नाही. चौथी पट्टी मला कधीच मिळाली नाही.

पण त्या दिवशी दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. ‘अनफिट’ लिहिलेला कागद पर्समध्ये, त्याच पर्समध्ये कॅप्टनचं पत्र, आणि आम्ही दोघं नाशिकच्या स्टँडवर उभे. परतीची गाडी लागायची होती. मला रडू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं.

“आप्पा, तुम्ही पास झाला होतात. नानांनी सांगितलं.”

“नान्याच्या पोटात काही राहत नाही,” आप्पा पुटपुटले.

“मी परवा तुम्हाला जे बोलले...”

“ते राहू दे. चहा फुकट गेला, त्याचं वाईट वाटलं.” मग एकदम म्हणाले, “इथंच थांब. माझं काम राहिलंय.”

ते गर्दीत शिरले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात झेंडूचा भला मोठा हार होता. तसला हार मी ओळखत होते. ड्रायव्हर निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या शेवटच्या फेरीला डेपोतली माणसं गाडीला एक हार घालतात आणि ड्रायव्हरला एक. नारळ फोडतात, हॉर्न वाजवतात. आप्पांना तो मिळाला नव्हता. त्यांची शेवटची फेरी कधी होऊन गेली, ते कुणाला कळलंच नव्हतं.

त्यांनी तो हार भर स्टँडवर माझ्या गळ्यात घातला.

“आप्पा, लोक बघताहेत.”

“बघू देत.”

गाडी लागली होती. दारात भिकननाना. त्यांनी हार बघितला आणि आनंदानं ओरडले, “अरे वा! झाली का कॅप्टन?”

मी आप्पांकडे बघितलं. वाटलं, आता काहीतरी गोलमोल सांगतील, जसं घरी सोळा वर्षं सांगितलं. आप्पांनी छाती पुढे काढली. खिडकीतल्या माइकशिवायही तो आवाज स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. तोच आवाज, ज्याला लाजून मी मागच्या दारानं पळायचे.

“नाही, नाना! माझ्या पोरीनं आज गाडी सोडली. पास झाली होती, तरी सोडली. स्वतःहून!”

भिकननानांनी टोपी काढली. फलाटावरची माणसं वळून वळून बघत होती आणि मी, उज्ज्वला यादव बोरसे, गळ्यातला हार सावरत, मान ताठ करून, समोरच्या दारानं गाडीत चढले.